पुसलेलं अक्षर

रुखमाबाई कन्हानच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा अंकुश सहा वर्षांपूर्वी सीमेवर शहीद झाला, तेव्हा गावानं रामटेकच्या रस्त्याला सिमेंटचा ओटा बांधून त्यावर त्याचं नाव रंगवलं. दर पंधरा ऑगस्टला रुखमाबाई तो ओटा राखेनं घासून धूत.

यंदा पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला आणि रविवारपर्यंत सलग सुट्टी मिळाली. खिंडसीच्या तलावाकडे निघालेली एक गाडी ओट्यापाशी थांबली. शहरातल्या महाल भागातून आलेल्या दामिनीनं नाश्त्याचे डबे ओट्यावरच मांडले. बाकीची मंडळी गाणी लावून नाचू लागली. ओटा धुवायला आलेल्या रुखमाबाई राखेची घासणी हातात घेऊन बाजूला उभ्या होत्या. मग दामिनीला म्हणाल्या, "खा वं बाई, खा. फक्त माह्या पोराचं नाव एकदा मोठ्यानं वाच. मले वाचता येत नाही. आता कोणी घेतच नाही त्याचं नाव."

दामिनीनं ओशाळून डबे उचलले, गाणी बंद करायला लावली आणि वाकून पाहिलं. "अंकु... पुढचं पुसलं आहे, आजी."

"कशानं पुसलं?"

दामिनीची नजर त्यांच्या हातातल्या घासणीवर गेली. रुखमाबाईंनीही घासणीकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी घासणी खाली ठेवली.

"मीच पुसून राहिली होती वं त्याले."

दामिनीनं पर्समधल्या काजळाच्या पेन्सिलनं 'श' लिहिला आणि सगळ्यांकडून नाव तीनदा मोठ्यानं म्हणून घेतलं. मग गाडी निघून गेली.

दुपारी पाऊस आला. रुखमाबाई त्या एका अक्षरावर पदर धरून भिजत बसल्या, आणि काळं पाणी त्यांच्या बोटांमधून वाहत राहिलं.