मोठ्या टायरांची जीप

आमच्या माळावर माणसांना आणि मेंढरांना लागणारं सगळं पाणी आई डोक्यावरून आणायची. अशा घरातला मी पहिला बी.एस्सी. झालो, पण पाहुणे आले की बघायला धावत ते चुलतभावाची जीप. तो आठवीत शाळा सोडलेला. लष्कराच्या लिलावातली जीप घेऊन त्यानं मागं पाण्याची टाकी बसवली होती. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

खडकाला पोट घासू नये म्हणून त्यानं उंच टायर चढवले, आणि भरली टाकी घेऊन जीप चढावर दम सोडू लागली. मी सांगितलं, "टायर दहाव्या हिश्श्यानं उंच झालाय, तितका इंजिनावर ताण वाढला. एक्सलमधल्या मोठ्या गिअरला, क्राऊनला, एकोणचाळीस दात आहेत. दातही तितक्याच हिश्श्यानं वाढव, त्रेचाळीसचा बसव."

शहरातल्या सात रस्ता चौकातल्या मिस्त्रीकडून त्यानं फक्त मागच्या एक्सलमधला क्राऊन बदलून घेतला. "वजन मागंच हाय की, मास्तर!"

चारी चाकांना जोर देणारा गिअर टाकताच पुढची नि मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरायला बघत एकमेकांशी भांडू लागली. जीप हिसके देत थांबली.

"कालेजात हेच शिकीवलं व्हय रं?" चुलता हसला.

"पुढचाही तितक्याच दातांचा लागतो, तात्या," मी म्हणालो.

तो बसवल्यावर जीप भरल्या टाकीनिशी चढली. लोकांनी हार घातला जीपला, नारळ फोडला भावानं. ते मला आजही सलतं. पण माळावर पाणी पोचलं, ते माझ्या हिशेबानं.