आमची उलाळ गाडी

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि भर शाळेत गाडी उलटवणारा पहिलाही मीच.

माझी दहा वर्षांची मुलगी इरा इथे परदेशात, बुकित तिमाहच्या एका इंटरनॅशनल शाळेत शिकते. शाळेत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. (घरी थांबत नाही!) दर पालकसभेत तिच्या टीचर एकच सांगायच्या, "हुशार आहे, पण बोलत नाही." त्या इराने या वेळी आपणहून हात वर केला होता. जुन्या काळी अमेरिकेत माणसं बायकापोरांसकट छपराच्या गाड्यांतून महिनोन्महिने पश्चिमेकडे जायची, तो विषय. छोटी गाडी करायची, तीत त्यांचं सामान भरायचं आणि सगळ्या पालकांसमोर पाच मिनिटं बोलायचं.

"गाडी माझ्याकडे लागली," मी म्हणालो. "हातचा मळ आहे."

"बाबा, तुला पिक्चर पाठवलंय. आधी बघ हं."

"गाडी करायला मला पिक्चर कशाला?"

का नको, ते मात्र मी सांगितलं नाही. बारा वर्षांचा होईपर्यंत दरवर्षी दसरा झाला की मी आईवडिलांबरोबर बैलगाडीत बसून बीडहून कोल्हापूरकडे जायचो. ते तिथे ऊस तोडायचे. कॉन्डोतल्या शेजाऱ्यांना मी "आमची थोडी शेती होती" एवढंच सांगून ठेवलं होतं. (थोडी म्हणजे किती, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही.) इरालाही तेवढंच माहीत.

मग काय! प्लायवूड आलं, बांबू आले, जुन्या सायकलची दोन चाकं आली. छपराला बायकोची नवी चादर गेली. गाडी वाढत वाढत डायनिंग टेबलाएवढी झाली. मी मागच्या बाजूला पिठाची पिशवी, राजमा आणि पाच लिटर पाण्याचा कॅन रचत होतो, तेव्हा गावाहून आलेली आई सोफ्यावरून म्हणाली, "दत्ता, मागं लई भरू नको. उलाळ व्हईल." (मागे वजन जास्त झालं की गाडी तोंड आभाळाकडे करते, तिला उलाळ म्हणतात.)

"आई, मी इंजिनिअर आहे. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी काढलंय मी."

"काढलंस ना? मग परत जाग्यावर ठिव."

दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टमध्ये उभी करून न्यावी लागली. पहिला टॅक्सीवाला काच खाली करून म्हणाला, "बॉस, धिस वन कॅनॉट लाह!" आणि गेला. शेवटी मोठी टॅक्सी मिळाली. मागे गाडी, मध्ये आईसकट आम्ही, आणि इराच्या मांडीवर जू!

शाळेच्या हॉलमध्ये टेबलांवर वीसेक गाड्या मांडल्या होत्या. सगळ्या चपलांच्या खोक्याएवढ्या. आणि सगळ्यांना चार चाकं.

टीचर आमच्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. "ब्यूटिफुल! उरलेली दोन चाकं कुठे आहेत?"

इराने माझ्याकडे पाहिलं. "बाबा. तू पिक्चर बघितलंच नाहीस."

मी पुढच्या दांड्या खुर्चीवर टेकवल्या. इराची पाळी आली. ती हळू आवाजात बोलू लागली. दुसरंच वाक्य होतं. तेवढ्यात मला वाटलं, खुर्चीमुळे सगळी शोभा जातेय. गाडीचा तोल तर मी काढलेलाच होता! मी खुर्ची काढून घेतली.

जू वर गेलं. छप्पर मागे टेकलं. पीठ पहिल्या रांगेवर, राजमा हॉलभर! पोरं खो खो हसली, आणि इरा गप्प झाली. टीचर "टेक युवर टाइम" म्हणाल्या, पण तिच्या ओठांकडे बघूनच मला कळलं, की ही पोरगी आता पुन्हा हात वर करायची नाही. आणि ते मी केलं होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून नऊवारी आणि स्पोर्ट्स शूज पुढे आले. आई! तिने जू धरून गाडी खाली बसवली.

"इरे, सांग त्यान्ला, हासू नका. घाटात अशीच व्हायची गाडी. मग आमी तुज्या बापाला उचलून म्होरं बसवायचो. वजनाला."

"बाबा गाडीत? कुठे चालला होता?"

"मावळतीकडं. ऊस तोडाया. दर सालाला."

इराने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पोरांकडे वळली आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "माझी आजी गाडीतून पश्चिमेला गेली आहे. खरोखर. दर वर्षी!"

हसू बंद झालं. हात वर होऊ लागले. रात्री झोपायचे कुठे? गाडीखाली. चूल? तीन दगडांची. कुणी आजारी पडलं तर? "तर गाडीतच," आई म्हणाली, "आन् हिचा काका जन्मला बी गाडीतच." इरा विचारायची, आई सांगायची, इरा इंग्रजीत ओरडून सांगायची. पाच मिनिटांची वीस झाली. टीचरनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी या सगळ्या वेळात गुडघ्यांवर बसून राजमा वेचत होतो. तिथे खाली मला वाटून गेलं, की जे मी इतकी वर्षं चादरीखाली झाकलं, ते माझ्या पोरीने एका मिनिटात हॉलच्या मधोमध मांडलं, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर कीव नव्हती. नुसतं आश्चर्य होतं. माझ्या पदवीचं एवढं कौतुक झाल्याचं मला आठवत नाही.

शेवटी टीचरनी कौतुकाने विचारलं, "आणि इरा, या प्रवासात तुझ्या बाबांचं काम काय असायचं?"

इराने आजीला विचारायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

"ही वॉज लगेज," ती म्हणाली.

आईला इंग्रजीचं अक्षर येत नाही. तरी तिने लगेच मान डोलावली.