काळ्या थराखालचा नंबर

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. बंदोबस्त, मोर्चे, गुन्ह्यांचे क्रमांक पुष्कळसे पुसट झाले. पण एका हिरव्या मोटारीचं बॉनेट उघडून आम्ही सहा-सात जण श्वास रोखून उभे होतो, ती शुक्रवारची दुपार तपशिलासकट लक्षात आहे. नावं लिहीत नाही. त्यातली माणसं अजून आपापल्या घरी सुखाने नांदत आहेत, आणि ती तशी नांदत आहेत याचंच मला समाधान वाटतं.

तेव्हा मी साकीनाक्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत एकाच मॉडेलच्या छोट्या मोटारी चोरीला जात होत्या. टोळीची पद्धत आम्हाला कळली होती. अपघातात पार मोडलेली गाडी तिच्या खऱ्या कागदांसकट विकत घ्यायची, तिचं इंजिन चोरीच्या गाडीत बसवायचं, चोरीच्या गाडीचा चेसिस नंबर नाहीसा करायचा आणि रंग बदलून गाडी विकायची. चेसिस नंबर कारखान्यातच पत्र्यावर ठोकलेला असतो. गाडीची खरी ओळख तीच.

सकाळी हजेरी चालू असताना आमच्या एका खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, मागच्या गल्लीत शेडमध्ये एक गाडी आलीय. तुमचंच मॉडेल. हिरवी केलीय, आणि आता तिला पंख लावतायत."

"पंख?"

"माशासारखे. मस्करी नाय करत, साहेब. आणि बॉनेटखाली सगळं काळं फासलंय. नंबर दिसत नाय."

स्टेशन डायरीला नोंद केली आणि आमच्या मालवणी हवालदारांना घेऊन निघालो. शेडमध्ये खरंच समुद्रासारख्या हिरव्या रंगाची मोटार उभी होती. दारांवर बोटीच्या गोल खिडक्यांचे तांबूस स्टिकर होते आणि शेजारी गोणपाटावर फायबरचे दोन मोठे पर, म्हणजे माशाचे पंख, ठेवले होते. मालक वाकून त्यांना भोकं पाडत होता. चाळिशी ओलांडलेला, रापलेला, वर्सोव्याचा कोळी माणूस. मी बॉनेट उघडायला सांगितलं. इंजिन नंबर कागदांशी जुळला, पण टोळीच्या गाड्यांचाही जुळत असे. इंजिनामागच्या पत्र्यावर जिथे चेसिस नंबर असायला हवा, तिथे बोटभर जाडीचा वाटावा असा काळा थर होता.

"नंबर कुठाय?"

"हाय ना साहेब, खाली हाय. मीच रंग मारला वरून."

चोरीच्या गाडीजवळ सापडलेला प्रत्येक माणूस असंच काहीतरी सांगतो. गाडी आणि माणूस दोन्ही ठाण्यात आणले.

चौकशीत कळलं की तो महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला आहे. पहाटे रस्त्यावरचे व्हॉल्व्ह फिरवून वस्तीला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. घरातले बाकी सगळे मासेमारीवर. कायम नोकरी लागलेला हा पहिलाच. लहानपणी वस्तीत कॅसेट लावून दाखवलेल्या एका परदेशी सिनेमात समुद्रात शिरून पुन्हा किनाऱ्यावर येणारी हिरवी गाडी होती. ती त्याच्या डोक्यात बसली होती.

"ती गाडी आपल्याला कोण देणार, साहेब? म्हटलं, आपलीच गाडी तिच्यासारखी करू. पण कायद्यात. रंगाची परवानगी घेतली. परं रस्त्यावर लावायची नाय, हे आरटीओने सांगितलंय. ती नट-बोल्टाची केलीत. वस्तीत गाडी उभी असली की लावायची, चालवताना काढून डिकीत."

"कागद?"

"घरी फाइल हाय. बायको आणते."

आमचे वरिष्ठ डोकावून गेले. "नंबर नाही, रंग बदललेला, मॉडेल तेच. अजून काय पाहिजे तुला? संध्याकाळपर्यंत अटक दाखव."

शुक्रवारची अटक म्हणजे शनिवारी कोर्ट, आणि तिथून पोलीस कोठडी मिळाली तर सोमवार उजाडणार. सरकारी किंवा पालिकेचा नोकर अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबन जवळजवळ ठरलेलंच. हे त्यालाही माहीत होतं. वरिष्ठांचे शब्द कानावर पडले तसा तो बाकावर आक्रसून बसला.

मी हवालदारांना म्हटलं, "शेडमधून तो तारेचा ब्रश लावलेला ग्राइंडर आणा. घासून बघू खाली काय आहे ते."

तो ताडकन उठला. "घासू नका! साहेब, पाया पडतो, पण घासू नका!"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "बघितल्यात साहेब? आता कसो बोंबलता तो! खाली काय्येक नाय, म्हणान बोंबलता."

मलाही तेच वाटलं. ग्राइंडर राहू दे म्हटलं, कारण माझ्या लेखी उत्तर मिळालं होतं. उरलेली तपासणी प्रयोगशाळा करील, असं म्हणून मी अटकेचा फॉर्म पुढे ओढला आणि लिहायला लागलो. तो का ओरडला, हे मी त्याला विचारलं नाही. इतकी वर्षं नोकरी करूनही विचारलं नाही.

नाव, वय, पत्ता लिहून झाला तेवढ्यात त्याची बायको आली. बाजारातून तशीच उठून आली होती. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल ठेवली आणि आधी नवऱ्याकडेच वळली.

"तुला बोलली होती ना मी, सरळ पांढरीच राहू दे गाडी? झाली हौस? आता बस मासा होऊन!" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "सायेब, हा येडा हाय, पण चोर नाय. बघा ते कागद. लेकराला जपत नाय एवढे जपलेत."

फाइल फारच व्यवस्थित होती. अर्ज, पोचपावती, रंगबदलाची नोंद झालेलं आरसी बुक, पंखांबद्दल आरटीओचा लेखी शेरा. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली की नंबर कागदावर उमटतो; त्या पेन्सिल प्रिंटची प्रतही होती. खरं सांगायचं तर मी आणखी सावध झालो. टोळीच्या फाइली अशाच टापटीप असत.

शेवटी एक जुना, घड्यांवर चिरलेला कागद निघाला. मत्स्यव्यवसाय कार्यालयाचं पत्र होतं, दुसऱ्याच माणसाच्या नावाचं. 'नौकेच्या इंजिनाचा क्रमांक वाचता येत नसल्याने परवान्याचे नूतनीकरण करता येत नाही.' गाडीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता.

मी थांबलो. खोट्या फाइलीत लागतील तेवढेच कागद असतात. बिनकामाचा कागद तिथे कुणी ठेवत नाही.

माझे वडील एका तालुक्याच्या गावी हमाली करत. त्यांना वाचता येत नव्हतं. पण माझ्या शाळेची, कॉलेजची प्रत्येक पावती त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, आणि तिच्यातच गावच्या कुणाचा तरी अर्ज नामंजूर झाल्याचा एक कागदही. विचारलं तर म्हणायचे, "आपलं असं होऊ नये म्हणून ठेवलाय." आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो तो त्या पेटीच्या जिवावर. ती फाइल हातात असताना मला ती पेटी आठवली.

"हा कागद इथे कशाला?" मी विचारलं.

"भावाच्या बोटीचा हाय," तो म्हणाला. "गंज काढायला म्हणून आम्हीच इंजिन घासलं, तारेच्या ब्रशने. त्यात नंबर गेला. बोट बरेच महिने किनाऱ्याला उभी. गाडीने सिग्नल तोडला असता तर दंड भरून सुटलो असतो, साहेब. नंबर गेला की सुटकाच नाय. खाऱ्या हवेत पत्रा पापडासारखा होतो. आमच्याकडे बोटीचं लोखंड कोणी उघडं ठेवत नाय, काळा डांबरी रंग देतातच. मी गाडीला पण दिला. चूक झाली. पण तुम्ही ती मशीन फिरवली असती तर मी मेलो असतो."

"हे मघाशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लिहायला बसलात ना."

हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, माझ्या मावशेच्या होडयेक पण असोच रंग देतत."

मी वरिष्ठांकडून दोन तास मागून घेतले. आरटीओतले एक मोटार वाहन निरीक्षक ओळखीचे होते, ते मूळ पेन्सिल प्रिंट घेऊन आले. दोन पंच बोलावले. रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. धातूचं काहीही लावायचं नाही, असं मी बजावलं. हवालदारांनी कापसाचे बोळे भिजवून थरावर ठेवले, थोडं थांबले आणि सुती कापडाने हलक्या हाताने पुसू लागले. गाडीच्या मालकाला चार हात लांब उभं केलं होतं. त्याने डोळे मिटून घेतले होते. बायकोने मात्र नजर हलवली नाही.

आधी काळं पाणी ओघळलं. मग पांढरा पत्रा दिसला, मग एक अक्षर, मग आकडे. मी एकेक मोठ्याने वाचत होतो आणि निरीक्षक प्रिंटवर बोट सरकवत "बरोबर" म्हणत होते. आठाच्या आकड्यावर ते थांबले. वाकून पाहिलं, पुन्हा प्रिंट पाहिली.

"ह्या आठाच्या पोटात जुना ओरखडा आहे. प्रिंटमध्येही तो तिथेच आहे." मग त्यांनी पत्र्याच्या कडेने टॉर्च फिरवला. "वेल्डिंगचा सांधा नाही, दुसऱ्यांदा ठोकल्याची खूण नाही. प्रिंट याच पत्र्यावरून घेतलेली आहे. गाडी याचीच आहे."

ती बाई पायरीवर मटकन बसली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "आता डोळे उघड रे माशा!" हवालदार सगळ्यांत आधी हसले. मग मीही हसलो.

पंचनामा पुरा केला. अर्धवट लिहिलेल्या फॉर्मवर तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहिलं. वरिष्ठांनी पंचनामा वाचला आणि "बरं झालं घासलं नाहीस" एवढंच म्हणाले. तारेचा ब्रश फिरला असता तर त्या पातळ पत्र्यावरचा ओरखडाही गेला असता आणि आठही. मग नंबर आम्ही घासला की त्याने, हे कोर्टात कुणी ठरवलं असतं? खरी टोळी पुढे दुसऱ्या ठाण्याने पकडली. त्याचं श्रेय आमचं नाही.

निघताना मी त्याची माफी मागितली. खात्यात तशी पद्धत नाही, पण मागितली. तो संकोचला. म्हणाला, "साहेब, एक काम होतं. आज जे झालं, त्याचं लेखी मिळेल का? शिक्का मारून?"

मी पंचनाम्याची प्रत दिली. त्याने ती भावाच्या पत्रामागे लावली, पिशवी गुंडाळली, आणि दोघं हिरव्या गाडीतून घरी गेले, पर डिकीत ठेवून. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या वस्तीला वेळेवर पाणी आलं असणार.

घाबरलेला माणूस ओरडला की आपण त्याचा अर्थ लगेच लावून टाकतो, कारण अर्थ लावायला वेळ लागत नाही. त्या दिवसापासून कोणी "नको" म्हणून ओरडलं की मी पेन खाली ठेवून आधी "का?" विचारत असे. नोकरीच्या शेवटपर्यंत ती सवय ठेवली.

मागच्या हिवाळ्यात मढला जायला वर्सोव्याच्या जेट्टीवर गेलो होतो. सुकत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे ती गाडी उभी होती, दोन्ही पर लावलेली. त्याने मला ओळखलं, चहा पाजला आणि न विचारता बॉनेट उघडलं. आतला सगळा पत्रा काळा होता. फक्त नंबरापुरती चौकोनी जागा त्याने मोकळी सोडली होती, आणि तिच्यावर तेलाचं बोट फिरवलेलं होतं.