म्हशीचं शेपूट

बाई पैनगंगेच्या पुरात बुडाली आणि मास्तरांनी वही मिटली. आमच्या शेजारचे हे मास्तर गोष्टी लिहितात आणि आधी मला वाचून दाखवतात. बाई मेली की स्वतःच चष्मा पुसतात.

"सोबत म्हैस होती न्हवं? मग बाईनं तिचं शेपूट का धरलं न्हाई?" मी विचारलं.

"काकू, शेपटानं कुठं माणूस वाचतंय?"

"तळ्यात उतरून बघा की."

दुसऱ्या दिवशी मास्तर चष्म्यासकट उतरले आणि माझ्या म्हशीचं शेपूट धरून पलीकडच्या काठाला लागले. सगळे हसले, मास्तर सगळ्यांत जास्त.

ओल्या हातानंच त्यांनी बाईला जगवलं. मग म्हणाले, "काकू, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सांगायला कोण होतं? पैनगंगेच्या पुरातून दोघीच वाचलो होतो, मी आणि माझी तेव्हाची म्हैस.