चढलेला काटा

गेल्या फेब्रुवारीची अठरा तारीख. ठरलेली रक्कम अठराशे रुपये. नांदेडच्या दुरुस्तीच्या दुकानात हजर तिघे: कारागीर, मी आणि माझी बायको.

माझा वायरलेस सेट बहिरा झाला होता. हौशी रेडिओचा परवाना मला आहे, तसा लोह्याजवळच्या गावी एकट्या राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावालाही आहे. लातुरातून मी रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलतो. फोन आहे, पण फोनवर तो "बरा हाय" म्हणून ठेवून देतो. सेटवर मात्र दुखणंखुपणं सगळं सांगतो. त्याचा सेट कमी ताकदीचा. महिनाभर मला त्याच्या जागी नुसती खरखर ऐकू येत होती.

रिसीव्हर जुळवायचा म्हणजे बारीक सिग्नल देऊन कॉइलच्या आतले पेचासारखे फिरणारे गाभे प्लॅस्टिकच्या पेचकसाने हळूहळू फिरवायचे. लोखंड जवळ नेलं की जुळणी बिघडते. या माणसाने लोखंडी पेचकस घेतला, तोही मघाशी कान कोरलेला. तोंडात गुटखा, उघड्या सेटवर लाल शिंतोडे.

"साहेब, सिग्नलचा काटा बघा. लई चढला!"

"काटा काय ऐकायचाय का?" बायको म्हणाली.

मी अँटेनाची वायर उपसली. काटा तिथेच.

"आता हे कुणाचं स्टेशन?" मी विचारलं.

"हवेत करंट असतोय, साहेब."

"मग बिल बी हवेलाच लावा की, भाऊ!" बायको म्हणाली.

त्याने फक्त मीटरचा स्क्रू पिळून काटा वर नेला होता. आत एक गाभा फुटलेला, वर गोंद ओतून बसवलेला. पूर्ण पैसे घेतल्याशिवाय तो सेट सोडेना. दिले. किळस आली, त्याची आणि त्या गोंदाची.

लातूरजवळच्या मुरुडच्या भंगारवाल्याकडे त्याच बनावटीचा मेलेला सेट मिळाला. त्यातली कॉइल मी बसवली, प्लॅस्टिकची विणायची सुई घासून पेचकस केला. फोन करून भावाला त्याच्या सेटची मोर्सची कळ दाबून धरायला सांगितली, म्हणजे माझ्याकडे सलग शिट्टी येते. त्याच्याच बारीक शिट्टीवर एकेक गाभा फिरवत गेलो. शिट्टी खरखरीतून वर आली, मग त्याचा आवाज.

"गुडघा लई ठणकतोय रे. चुलीपुढं बसवंना. दोन दिस बिस्किटावर हाय."

फोनवर यातलं अक्षर बोलला नव्हता.

कारागिराला अठराशे गेले, त्याचा संताप अजून जात नाही. भंगारवाल्याला दोनशे. आणि भावाच्या शेजारणीला भाकऱ्यांचे महिन्याचे बाराशे, आगाऊ.