हेट्झरमधल्या चार जागा

कमलाकर शेडगे गेले ते एका शनिवारी सकाळी, शेडवर जायला निघताना. एक बूट पायात होता, दुसरा हातात. लीलावतीबाई स्वयंपाकघरात त्यांच्या डब्यासाठी पोळीची गुंडाळी करत होत्या. धप्प असा आवाज आला म्हणून बाहेर येऊन बघतात तर नवरा जिन्याच्या खालच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेला, मान एका बाजूला कललेली. अँब्युलन्स लगेच आली, पण तिचा काही उपयोग झाला नाही.

ब्रिस्टलजवळ फिल्टनमधल्या त्या घरात दोघांचा सगळा संसार झाला होता. कमलाकर विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन, म्हणजे आयुष्यभर रेघा ओढण्याचं काम. लीलावतीबाई साताऱ्याकडच्या. विमानातल्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या एका छोट्या फॅक्टरीत त्यांनी हात दुखेस्तोवर मशीन चालवलं. एकच मुलगी, अक्षया. ती लग्न करून मेडनहेडला गेली, आणि मग घरात दोघंच उरली.

रिटायर झाल्यावर कमलाकरांना शेडचं वेड लागलं. गावाबाहेर एका शेतावर दहा-बारा म्हातारे जमून जुनी लष्करी वाहनं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे एक हेट्झर आला होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे रणगाडे फोडायला जर्मनांनी बनवलेली ही गाडी. बुटकी, उतरत्या पत्र्यांची, वर फिरता बुरूज नाही, समोरून तोफेची सोंड बाहेर आलेली. गंजून नुसता सांगाडा राहिला होता. त्या सांगाड्यानं कमलाकरांना असं धरलं, की जेवताना दुसरा विषय नाही.

"लीला, ऐक तरी. बर्लिनच्या तोफगाड्यांच्या कारखान्यावर बॉम्ब पडले, तिथलं काम बंद. मग प्रागच्या कारखान्याला सांगितलं, तुम्ही करा. तर तिथल्या क्रेनना तेवढी जड गाडी उचलेना! म्हणून नवीन हलकी गाडी काढायची ठरली. डिसेंबरात कागदावर, जानेवारीत लाकडाचा नमुना, आणि एप्रिलात खरी गाडी फॅक्टरीबाहेर. आमच्या कारखान्यात एका साध्या ब्रॅकेटला अप्रूव्हल मिळायला याच्या दुप्पट वेळ लागायचा."

"एवढी घाई कशाची होती त्यांना?"

"लढाई हरत होते ना."

"मग हरायचं होतं गुमान," असं म्हणून लीलावतीबाई ताटं उचलायच्या.

त्यांच्या रागाला कारण होतं. त्यांचे थोरले काका मराठा पलटणीतून इटलीत लढायला गेले आणि तिकडेच एका नदीकाठी मारले गेले. कशानं, कुणाच्या हातून, ते घरी कधीच कळलं नाही. लीलावतीबाईंचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. काकांचा फोटोसुद्धा त्यांनी पाहिला नव्हता. पण काकू पाहिल्या होत्या. काकू लग्न होऊन घरात आल्या, काही महिन्यांत एकट्या झाल्या, आणि पुढचा सगळा जन्म त्यांनी दिरांची मुलं वाढवण्यात घालवला. लीलावतीला शिवण शिकवलं ते त्यांनीच. काकूंनी नशिबाला कधी बोल लावला नाही. फक्त सणावारी ओवाळायची वेळ झाली की त्या मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसायच्या. घासलेलीच भांडी पुन्हा घासायच्या.

हे सगळं लीलावतीबाईंनी एकदा नवऱ्याला सांगितलं होतं. "अहो, माझ्या काकांना असल्याच कशानं तरी मारलं असेल. आणि तुम्ही त्याला पॉलिश करताय."

कमलाकर म्हणाले, "मी तोफ बघत नाही गं. आत माणसं कशी बसवलीत ते बघतो."

ते लीलावतीबाईंना पटलं नव्हतं. पुरुषांना लोखंड आवडतं आणि त्याला ते काहीतरी बरं नाव देतात, एवढंच त्यांच्या मनात आलं.

कमलाकर गेल्यावर महिन्याभरात शेडचा प्रमुख टेरी घरी आला. उंच, वाकलेला, बोलताना टोपी हातात फिरवणारा माणूस. चहा पिऊन झाला तरी उठेना. शेवटी म्हणाला, "मिसेस शेडगे, त्या गाडीतल्या सीट तेवढ्या राहिल्यात. लोखंडी सांगाडे तयार आहेत. गाद्या शिवायच्यात. कमल नेहमी म्हणायचा, त्या माझी बायको शिवेल."

"मला कधी म्हणाले नाहीत."

"विचारायला घाबरत असेल," टेरी म्हणाला, आणि स्वतःच कसानुसा हसला.

त्या संध्याकाळी अक्षयाचा फोन आला. "आई, तू कशाला जाते तिकडे? तो गाडी बाबाला आवडायची. तुला तर राग यायची."

"राग यायचा," लीलावतीबाईंनी सवयीनं दुरुस्त केलं. "अजून येतो. पण ते माझ्या नावानं काम सांगून गेलेत."

शेडमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्यांना वाटलं होतं त्याहून ती गाडी लहान निघाली. छपरावरच्या मागच्या झाकणातून टेरीनं त्यांना हाताला धरून आत उतरवलं. मोजमाप घ्यायला टेप होता, पण हात लांब करायला जागा नव्हती. डाव्या बाजूला तीन जागा एकामागे एक: पुढे ड्रायव्हर, त्याच्या पाठीशी तोफेवर नेम धरणारा, त्याच्या पाठीशी गोळे भरणारा. मधे तोफेचं धूड. आणि तोफेच्या पलीकडे, उजवीकडे मागच्या कोपऱ्यात चौथा माणूस. तो यांचा प्रमुख, पण या तिघांच्या खांद्याला हात लावायचा म्हटला तरी पोचायचा नाही.

"ही तोफ उजव्या बाजूनं भरायची होती," टेरी वरून सांगत होता. "पण भरणारा बसवला डावीकडे. प्रत्येक गोळ्याला त्याला तोफेवरून पलीकडे वाकायला लागायचं."

"मग तोफ बदलायची, नाहीतर माणूस इकडचा तिकडे करायचा."

"वेळ नव्हता."

लीलावतीबाई सरकत सरकत ड्रायव्हरच्या जागेपर्यंत गेल्या. त्या स्वतः पाच फूटसुद्धा नाहीत, तरी गुडघे पत्र्याला लागले. त्यांनी वर पाहिलं. डोक्यावर सपाट लोखंड.

"याला बाहेर पडायला दार कुठंय?"

"त्याला वेगळं दार नाही. मागच्या दोघांवरून सरपटत, तुम्ही आत आलात त्याच झाकणातून."

"आणि मागचा हललाच नाही तर?"

वर टेरीच्या बुटांची चुळबुळ तेवढी ऐकू आली. मग तो म्हणाला, "कमल चहाच्या सुट्टीत आत येऊन बसायचा. कधी या जागेवर, कधी त्या. एकदा मी विचारलं, काय करतोस रे? तर म्हणाला, टेरी, हे कुणीतरी काढलंय. माझ्यासारखाच कुणीतरी ड्रॉइंग बोर्डावर वाकलेला. इथं माणूस अडकणार हे रेघ ओढताना त्याला कळलं असणार. तरी ओढली. मी असतो तर मीही ओढली असती. मग बराच वेळ तो बाहेर आलाच नाही."

लीलावतीबाई त्या अंधारात टेप हातात धरून बसून राहिल्या. घरी नवऱ्यानं त्यांना क्रेनच्या आणि तारखांच्या गमती सांगितल्या होत्या. हे सांगितलं नव्हतं. सांगायला गेले असतील, आणि आपण ताटं उचलली असतील.

त्यानंतर त्या दर शनिवारी जायला लागल्या. जाड कॅनव्हास, आत घोड्याच्या केसांचं भरण, दुहेरी टीप. गाद्या घरी मशीनवर शिवायच्या आणि शेडमध्ये आणून सांगाड्यावर ताणून बसवायच्या. कामाला हात जुनेच होते.

नेम धरणाऱ्याची गादी बसवत होत्या त्या दिवशी डोरीन आली. ऐंशीच्या पुढची, हातात काठी, अंगात निळा कोट. तिनं आधी फोन करून परवानगी घेतली होती. तिचे वडील ब्रिटिश रणगाड्याचे ड्रायव्हर होते. ती पाळण्यात असताना, लढाई संपायला काही आठवडे उरलेले, जर्मनीत एका खेड्याच्या वाटेवर झुडपातून एकच गोळा आला आणि ते गेले. आईनं पुढे दुसरं लग्न केलं. त्या घरात वडिलांचं नाव काढायची सोय नव्हती.

"ते हेच होतं का?" तिनं टेरीला विचारलं.

"सांगता येत नाही. हे असेल, दुसरं काही असेल. लपून मारायला हे चांगलं होतं, एवढं खरं."

डोरीनला वर चढणं शक्य नव्हतं. ती शेडच्या मोठ्या दारात जाऊन उभी राहिली, गाडीच्या बरोबर समोर, आणि तिथून ओरडून म्हणाली, "आत कुणी आहे का? त्या माणसाला तिथून काय दिसायचं?"

आत लीलावतीबाई एकट्या होत्या. नेम धरायची दुर्बीण टेरीनं गेल्याच आठवड्यात बसवली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. काचेवर बारीक खुणा होत्या. त्या खुणांच्या मधोमध निळा कोट.

"तुम्ही दिसताय," त्या म्हणाल्या. छपरावर वाकलेल्या टेरीनं ते दारापर्यंत पोचवलं.

"कशी?"

"अगदी जवळ. कोटाचं वरचं बटण उघडं आहे."

काचेतला हात बटणाकडे गेला. "चेहरा दिसतो?"

लीलावतीबाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "दिसतो."

डोरीन हलली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून तशीच समोर बघत राहिली, आणि लीलावतीबाईंनाही डोळा बाजूला करता येईना. मग त्यांनी आवाज चढवून म्हटलं, "पण तेव्हा लांबून बघत असतील. लांबून चेहरा नाही दिसत. नुसती गाडी दिसते."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय का हे?"

"थोडंसं."

डोरीन हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. लीलावतीबाईंनी पटकन डोळा काढला. तसं कुणाला रडताना बघणं त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं.

नंतर दोघी बाहेर बाकावर चहा घेत बसल्या. लीलावतीबाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत काकूंबद्दल सांगितलं. भांड्यांचंही सांगितलं. डोरीननं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

लीलावतीबाईंना ते आठवेना. काकू म्हणजे काकू. आजूबाजूचे 'फौजीची बायको' म्हणायचे. बऱ्याच वेळानं कुठूनतरी आठवलं. "अनसूया."

"अन-सू-या," डोरीननं सावकाश म्हणून पाहिलं. कितीतरी वर्षांत ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि निघालं ते असं, परक्या देशात, एका परक्या बाईच्या तोंडून. लीलावतीबाईंनी कप बाकावर ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

उन्हाळ्यात शेडचा ओपन डे झाला. हेट्झरचं इंजिन सुरू झालं, निळा धूर निघाला, गाडी नाक खाली घालून शेताला एक फेरी मारून आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमलाकरांची सगळी मेहनत त्या एका फेरीत होती, आणि ती बघायला ते नव्हते. टेरीनं लीलावतीबाईंना आत बसायचा आग्रह केला. त्या नको म्हणाल्या. चहाच्या तंबूमागे डोरीनबरोबर त्या बसल्या होत्या. इंजिनचा आवाज जवळ आला तशी डोरीननं त्यांचा हात धरला, आणि आवाज थांबला तरी सोडला नाही.

डोरीन हिवाळ्यात गेली. न्यूमोनिया झाला, चार दिवस हॉस्पिटलमध्ये होती. तिच्या मुलानं टेरीला कळवलं, टेरीनं लीलावतीबाईंना. फ्यूनरलच्या दिवशी अक्षया अर्धी रजा काढून मेडनहेडहून आली आणि आईला गाडीतून घेऊन गेली. चॅपलमध्ये माणसं थोडीच होती. बाहेर आल्यावर डोरीनच्या मुलानं हात मिळवत विचारलं, "तुमची आणि आईची ओळख कशी?"

"एका शेडमध्ये झाली," लीलावतीबाई म्हणाल्या. "जुन्या गाड्यांच्या."

"आईला गाड्यांची आवड होती हे मला माहीतच नव्हतं."

"नव्हती. मलाही नाही."

त्यानं मान हलवली आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

परतताना अक्षया रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "आई, बाबा तिथे इतका वेळ काय करायचे? मला खरंच कधी कळला नाही. मी विचारलाच नाही."

लीलावतीबाईंनी या खेपेला तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. त्यांनी सांगायला सुरुवात केली: प्रागचा कारखाना, तिथल्या क्रेन, घाई. मग आतल्या चार जागा, तोफेच्या पलीकडे एकटा पडलेला तो चौथा, ज्याला दार नाही तो ड्रायव्हर. आणि मग तिचे बाबा त्या जागांवर आळीपाळीनं जाऊन बसायचे ते, आणि टेरीला काय म्हणाले ते. सांगता सांगता त्यांच्याच लक्षात आलं, की हे सगळं आपण नवऱ्याच्या आवाजात सांगतोय, त्याच शब्दांत.

अक्षयानं इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्याकडेच्या ले-बायमध्ये थांबवली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून ती रडायला लागली. बाबा गेले त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती. लीलावतीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बाजूनं लॉऱ्या जात होत्या, प्रत्येक लॉरीसरशी गाडी थोडी हलायची. बाहेर अंधारून यायला लागलं होतं, आणि घर अजून बरंच लांब होतं.