दुमडलेले कोपरे

नगरच्या एका संग्रहालयात मी दिवंगत चित्रकाराच्या व्याख्यानांच्या शेवटच्या वहीतले दुमडलेले कोपरे सगळे सरळ केले. वर अंगठ्याने दाबलेही. वाटलं, सेवा घडली.

वाचनाच्या टेबलावर माझ्यासमोर रोज एक म्हातारा बसायचा. जवळच्याच नागापूरच्या कारखान्यात जन्म गेलेला, बोटांत काळं तेल मुरलेलं. वही मिळाली की तो आधी हात पँटला पुसायचा, मग पानांच्या कडेवरून बोट फिरवायचा. दुमडलेला कोपरा लागला की तिथपर्यंतच वाचायचा.

त्या दिवशी माझ्याकडची वही त्याने मागून घेतली. बोट तीनदा फिरलं, थांबलं नाही.

"सर तास संपला की कोपरा दुमडायचे," तो हळूच म्हणाला. "शेवटच्या तासाला मी न्हवतो, डबल ड्यूटी हुती. सर कुठवर आले हुते, तेवढंच बघायचं हुतं."

मी कबुली दिली. दोघांनी मिळून पानं उजेडात धरली. जुन्या कागदावर इतक्या सुरकुत्या, की सरांची घडी कुठली ते कळेना.

"काका, अंदाजाने एक दुमडू का?" मी विचारलं.

त्याने वही मिटली, माझ्यापासून लांब सरकवली.

"साहेब, तुमच्यापरीस वाळवी बरी. ती निदान मदत करत न्हाई."